धर्मानंद कोसंबी : सांकवाळ ते सेवाग्राम



दशावतारांची नावे आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असतात. मत्स्य, कूर्म, वराह असे म्हणत म्हणत मुले नवव्या नावावर येतात आणि बुद्ध म्हणून पुढे जातात. महाराष्ट्रातील जुन्या पंचांगांत व छापील चित्रांत या नवव्या जागी पुष्कळदा विठ्ठल-रखुमाईच दाखविलेली असत, कारण आपल्या संतांनी पंढरीच्या विठोबालाच बौद्ध अवतार म्हटले होते. म्हणजे नाव घरचे, अगदी देव्हाऱ्यातले. पण हा बुद्ध कोण होता, त्याने काय शिकविले, त्याचा उपदेश आपल्या गीता-उपनिषदांशी कोठे जुळतो आणि कोठे मुळीच जुळत नाही, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी कितीजण उत्तर देऊ शकतील?

सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आणि गोमंतकातही हीच स्थिती होती. मूळ पाली ग्रंथ वाचलेला माणूस मराठी मुलखात शोधूनही सापडणे कठीण होते. ही उणीव दूर करण्यासाठी गोव्याच्या एका खेड्यातला, इंग्रजी शाळेचे तोंडही न पाहिलेला तरुण घर सोडून निघाला. त्याने काशी, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घातले आणि अखेर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्याला बोलावून नेले. धर्मानंद दामोदर कोसंबी हे त्यांचे नाव. त्यांचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

नारळीच्या बागेतील तरुण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. घर सारस्वतांचे, वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. उदरनिर्वाह नारळीच्या बागांवर. गावात शिक्षणाची सोय जेमतेम, त्यात मुलाची प्रकृती नाजूक. थोडेसे मराठी लिहिणे-वाचणे झाले आणि शाळा सुटली. पुढे बागेची व्यवस्था त्यांच्याच अंगावर पडली. नारळ उतरविणे, मोजणे, विकणे, कुळांचा हिशेब ठेवणे यांतच दिवस जाऊ लागले.

१८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न बाळाबाईंशी झाले. संसार सुरू झाला, पण मन त्यात रमेना. ज्ञान मिळवावे, ही तळमळ त्यांना बसू देत नव्हती. मुंबई-पुण्याकडून येणारी मराठी पुस्तके व मासिके हाच त्यांचा आधार होता. तुकारामबुवांच्या गाथेने त्यांच्या मनाची पहिली मशागत केली. मग १८९७ च्या सुमारास विनायक कोंडदेव ओक यांच्या बालबोध नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांना बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचायला मिळाले. लहान मुलांसाठी लिहिलेला तो लेख होता. परंतु वीस-एकवीस वर्षांच्या त्या तरुणाच्या आयुष्याला त्याने जी दिशा दिली, ती पुढे पन्नास वर्षे बदलली नाही. मुलांच्या मासिकाला कमी लेखणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वडील वारले. १८९९ मध्ये पहिली मुलगी माणिक जन्मली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. सिद्धार्थ गौतम यशोधरा व राहुल यांना सोडून गेला ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. पण तीच गोष्ट एखाद्या ओळखीच्या घरात घडली म्हणजे तिची झळ कळते. तान्हे मूल पदरात घेऊन बाळाबाईंनी ती वर्षे सासर-माहेरच्या आधाराने काढली. पती काशीस आहे की लंकेत, जिवंत आहे की नाही, ही चिंता त्यांच्या वाट्याला आली. धर्मानंदांच्या विद्येची किंमत धर्मानंदांइतकीच बाळाबाईंनीही मोजली, हे सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही.

विद्येच्या मागे

धर्मानंद प्रथम पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा तर आधी संस्कृत चांगले यावयास हवे, हे त्यांनी ओळखले आणि काशीची वाट धरली. खिशात पैसे नव्हते. काशीत अन्नछत्रात जेवावे, मिळेल त्या जागी निजावे आणि गंगाधरशास्त्री तेलंग यांच्याकडे व्याकरण शिकावे, असा क्रम सुरू झाला.

संस्कृत आले, पण बुद्ध भेटला नाही. काशीच्या पंडितांना बौद्धमत ठाऊक होते ते खंडन करण्यापुरते. मूळ ग्रंथ कोणाजवळच नव्हते. नेपाळात बौद्ध धर्म अजून जिवंत आहे असे ऐकून १९०२ साली ते मोठ्या कष्टाने काठमांडूला पोचले. तेथे जे दिसले त्याने निराशाच झाली. पुस्तकात वाचलेल्या धर्माची तेथे ओळख पटेना. तेथून ते बुद्धगयेस आले आणि तेथे त्यांना सल्ला मिळाला की पाली शिकायची असेल तर सिंहलद्वीपास जावे. त्याच वर्षी ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात जाऊन दाखल झाले. तेथील मुख्य आचार्य सुमंगल महास्थविर हे पालीचे थोर पंडित होते. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेऊन त्रिपिटकाचा अभ्यास आरंभिला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी अभ्यासाला ध्यानाची जोड दिली, आणि परत येऊन बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेली स्थळे पाहिली.

आपल्या बेटावरील मराठी कुटुंबांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावरून गलबतात नि जहाजात बसून निघाले ते पोटासाठी. त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाचा हा माणूस विद्येसाठी समुद्र ओलांडून गेला. परमुलुखात भाषा कळत नसताना दिवस काढणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतून वेगळे सांगावयास नको.

पन्नास रुपये आणि एक पुस्तक

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले. तेथील नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. भिक्षुवस्त्रे त्यांनी उतरविली होती आणि संसाराची तुटलेली गाठ पुन्हा बांधली होती. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला. विद्यापीठात मान होता, पगार वाढण्याची आशा होती. पण आपण शिकलो ते महाराष्ट्राच्या उपयोगी पडत नाही, ही रुखरुख त्यांच्या मनातून जाईना.

तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड पुढे आले. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे, त्यांना दरमहा पन्नास रुपये मिळतील आणि त्यांनी वर्षाकाठी बडोदे संस्थानासाठी एक पुस्तक लिहून द्यावे, अशी ही व्यवस्था ठरली. कलकत्त्याची नोकरी सोडून त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. मराठी माणसाला बुद्ध मराठीतून कळावा, एवढाच त्यात हिशेब होता. बुद्ध, धर्म आणि संघ, बुद्धलीलासारसंग्रह, समाधिमार्ग, बौद्धसंघाचा परिचय अशी त्यांची पुस्तके एकामागून एक निघाली.

याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची त्यांच्याशी ओळख झाली. हार्वर्डला विसुद्धिमग्ग या मोठ्या पाली ग्रंथाचे संपादन अर्धवट पडून होते, कारण ते काम हाती घेतलेले हेन्री क्लार्क वॉरन हे विद्वान १८९९ मध्ये वारले होते. ते पुरे करण्यासाठी १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. काम त्यांनी झपाट्याने केले, परंतु ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा बेबनाव झाला आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे आणखी तीनदा ते हार्वर्डला गेले. तरी ती आवृत्ती छापून निघाली ती १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांनी मात्र वाट पाहत न बसता त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने ती प्रसिद्ध केली.

मधल्या काळात १९१२ ते १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे विद्वान त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९२२ पासून काही वर्षे महात्मा गांधींनी स्थापलेल्या गुजरात विद्यापीठात आणि १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड येथे त्यांनी काम केले. घरून निघताना ज्याला इंग्रजी येत नव्हते, त्याचा हा प्रवास पाहून मन थक्क होते.

काय जुळते, काय जुळत नाही

पण धर्मानंदांचे खरे देणे पदव्या व प्रवासांत नाही. १९४० व १९४१ साली दोन भागांत निघालेल्या भगवान बुद्ध या ग्रंथात ते साठले आहे. पुढे साहित्य अकादमीने त्याचे इतर भारतीय भाषांत अनुवाद करविले. त्या ग्रंथात आत्मवाद, कर्मयोग, यज्ञयाग, जातिभेद अशी प्रकरणे आहेत. प्रकरणांच्या नावांवरूनच दिसते की आपल्या धर्मविचारात जे कळीचे प्रश्न आहेत, त्यांवर बुद्धाचे म्हणणे काय होते, हे त्यांना मराठी वाचकासमोर मांडावयाचे होते. त्यातील मुद्दे आम्ही आपल्या परीने, आपल्या ग्रंथांशी ताडून पाहत पुढे देतो.

बुद्धाच्या उपदेशाचे मूळ चार आर्यसत्यांत आहे. जगात दुःख आहे. त्या दुःखाचे कारण तृष्णा, म्हणजे हे हवे नि ते हवे ही न संपणारी तहान. तृष्णा संपली की दुःख संपते. आणि ती संपविण्याचा मार्ग आहे. तो मार्ग आठ अंगांचा: सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्म, सम्यक् आजीव, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी. आजीव म्हणजे पोटाचा धंदा. कोणाला न फसविता, न दुखविता भाकरी मिळविणे हाही धर्माचाच भाग, असे बुद्धाने मानले. व्यायाम म्हणजे तालमीतला व्यायाम नव्हे, तर मनातले वाईट घालविण्याचा व चांगले वाढविण्याचा सततचा प्रयत्न.

यात आपल्याला परके वाटावे असे फारसे नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे पाहावीत. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून काम, कामातून क्रोध, ही साखळी तृष्णेचीच आहे. त्या अध्यायाच्या शेवटी ब्रह्मनिर्वाण हा शब्द येतो आणि पाचव्या अध्यायात तो पुन्हा येतो. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना पतंजलीच्या योगसूत्रात पहिल्याच पादात आहेत, आणि बौद्धांचे चार ब्रह्मविहार हेच आहेत. सर्वांचे भले इच्छिणे ही मैत्री, दुःखितांविषयी कळवळा ही करुणा, दुसऱ्याच्या सुखात सुख मानणे ही मुदिता, आणि मन समतोल राखणे ही उपेक्षा. आपण उपेक्षा हा शब्द हेळसांड या अर्थी वापरतो. येथे तो तसा नाही. पंचशील आणि योगातील यम यांचेही असेच. हिंसा, चोरी व असत्य दोन्हींत वर्ज्य आहेत. मात्र बुद्धाने पाचव्या जागी मद्यापासून दूर राहण्याचा नियम घातला. उसाच्या मळ्यांवर ज्यांचे आजे-पणजे राबले आणि दारूने कितीएक संसार बुडताना ज्यांनी पाहिले, त्या आपल्या समाजाला या पाचव्या शीलाचे मोल पटवून देण्याची गरज नाही.

आता फरक पाहू. उपनिषदे व गीता सांगतात की देह मरतो, आत्मा मरत नाही. बुद्धाने असा नित्य आत्मा मानला नाही. मनुष्य म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा समुदाय. ते क्षणोक्षणी बदलतात आणि त्यांत न बदलणारे असे काही हाती लागत नाही. मग पुनर्जन्म कोणाचा, ही शंका साहजिक आहे. बौद्ध ग्रंथांतील दाखला आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. दुधाचे दही होते, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप. तूप म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून तूप झालेही नाही. कर्माचा प्रवाह तसाच एका जन्मातून दुसऱ्यात जातो. हे पटो वा न पटो, ते वेदान्ताहून वेगळे आहे. दोन्ही एकच, असे म्हणून सुटका करून घेणे धर्मानंदांना कधीच मान्य झाले नाही.

यज्ञाविषयी बुद्धाने सांगितलेली एक गोष्ट दीघनिकायात, कूटदंत सुत्तात आहे. एका राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता आणि राज्यात तर लुटालूट माजली होती. शहाण्या पुरोहिताने त्याला समजाविले की आधी शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला योग्य वेतन द्या, म्हणजे चोऱ्या आपोआप थांबतील. तसे केल्यावर लोक सुखी झाले, मुले अंगाखांद्यावर खेळवू लागले. मग जो यज्ञ झाला त्यात एकही पशू मारला गेला नाही. आपल्या संतांनीही यज्ञापेक्षा भूतदयेला मोठे मानले, हे वारकरी घराण्यांना ठाऊकच आहे.

जातिभेदाच्या प्रश्नावर तर बुद्धाने आडपडदाच ठेवला नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तो समजावितो की गवत, झाडे, किडे, पक्षी, पशू यांच्या जाती जन्मतः दिसून येणाऱ्या खुणांनी वेगळ्या असतात. माणसामाणसांत अशी खूण नाही. म्हणून ब्राह्मण ठरतो तो आचरणाने. हा विचार आपल्या ग्रंथांतही आढळतो. महाभारतात अजगर झालेल्या नहुषाला युधिष्ठिराने असेच उत्तर दिले आहे. वज्रसूची नावाचे उपनिषद आहे आणि त्याच नावाचा, त्याच विचाराचा ग्रंथ बौद्ध कवी अश्वघोषाच्या नावावर आहे. तुकारामबुवांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनी वज्रसूचीतील विचारावर मराठी अभंग रचले. तुकारामांच्या गाथेपासून निघालेले धर्मानंद बुद्धापर्यंत कसे पोचले, याचे थोडे उत्तर येथे मिळते. वाट तशी अनोळखी नव्हती, फक्त ती बुजून गेली होती.

रोहिणीचे पाणी

धर्मानंदांनी मांडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बुद्धाच्या गृहत्यागाविषयी आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा सर्वांना माहीत आहे. धर्मानंदांनी जुनी सुत्ते तपासली तेव्हा त्यांना असे आढळले की ही चार दृश्यांची कथा महापदान सुत्तात विपस्सी नावाच्या दुसऱ्या, पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहे. गौतमाने स्वतःविषयी जे सांगितले, त्यात आई-वडील रडत असताना त्यांच्यादेखत केस उतरवून तो निघाला असे आहे. आणि अत्तदंड सुत्तात शस्त्रे हाती घेऊन भांडणारी माणसे पाहून मनात भय उपजल्याचे वर्णन आहे. शाक्य आणि कोलिय या शेजारच्या दोन कुळांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. आपल्याच सोयऱ्यांवर शस्त्र उचलावयाचे नाही, म्हणून सिद्धार्थ घराबाहेर पडला, असा निष्कर्ष धर्मानंदांनी काढला आणि बोधिसत्त्व नावाच्या नाटकात तो रंगविलाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बुद्धावरील ग्रंथात रोहिणीच्या पाण्याचाच प्रसंग मांडला आणि तो लाखो लोकांपर्यंत पोचला.

ही कथा वाचताना आम्हाला कुरुक्षेत्र आठवते. अर्जुनापुढेही सोयरेच उभे होते. त्याने धनुष्य खाली ठेवले आणि श्रीकृष्णाने त्याला ते पुन्हा उचलावयास लावले. शाक्यांच्या तरुणाने शस्त्र उचलले नाही, घर सोडले. आपल्या परंपरेपुढे उभे असलेले हे दोन मार्ग आहेत. गांधीजींसारख्यांनी गीतेचे युद्ध अंतःकरणातले मानून दोहोंची सांगड घातली. धर्मानंदांना ती पटली नाही. गीतेविषयी व पुराणांविषयी त्यांची मते अतिशय कडक होती. १९३५ च्या हिंदी संस्कृति आणि अहिंसा या पुस्तकात ती त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिली आणि त्यावर टीकाही सोसली. आपल्यातील पुष्कळांना ती मते रुचणार नाहीत, आम्हालाही सगळी रुचत नाहीत. पण जुन्या बौद्ध दंतकथाही त्यांनी त्याच कसोटीला लावल्या, हे विसरता येणार नाही.

मिठागरापासून गिरणगावापर्यंत

पुस्तकांत रमलेला हा माणूस देशकार्यापासून दूर राहिला नाही. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते त्यात उतरले. कोकणातील वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि तुरुंगवासही भोगला. वयाचे चोपन्नावे वर्ष, प्रकृती पहिल्यापासून नाजूक. तरीही सम्यक् कर्म इतरांना समजावून सांगायचे आणि आपण घरी बसायचे, हे त्यांना जमणारे नव्हते.

१९३७ मध्ये जुगलकिशोर बिर्ला यांच्या साहाय्याने मुंबईच्या परळ भागात बहुजन विहार उभा राहिला. गिरण्यांत राबणाऱ्या, समाजाने अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या लोकांच्या वस्तीत राहून बुद्धाचा उपदेश सांगावा, ही धर्मानंदांची इच्छा होती. काही काळ त्यांनी ते काम केले. त्यांच्या पश्चात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा मराठीतून बुद्ध वाचू इच्छिणाऱ्यांसाठी कोसंबींची पुस्तके तयार होती.

अखेरचे दिवस

उतारवयात दुखण्याने त्यांना जेरीस आणले. आपल्या हातून आता काही सेवा होत नाही, उलट इतरांवर भार पडतो, हा विचार त्यांना छळू लागला. जैन धर्मातील पार्श्वनाथांच्या चातुर्यामाचा, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार व्रतांचा, त्यांनी शेवटच्या काळात खोल अभ्यास केला होता. त्या परंपरेप्रमाणे उपवासाने देह ठेवावा असे त्यांच्या मनाने घेतले. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशातील दोहरीघाट येथे त्यांनी उपवास सुरू केला, तो गांधीजींच्या आग्रहाने सोडला. मग ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि तेथे पुन्हा उपवास आरंभून जून १९४७ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी प्राण सोडला. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांना आदरांजली वाहिली. देश स्वतंत्र व्हावयास तेव्हा जेमतेम अडीच महिने उरले होते.

हा शेवट सर्वांना पटेल असे नाही. मध्यम मार्ग सांगणाऱ्या बुद्धाने देह झिजविण्याचा उपदेश केला नव्हता, आणि आजारी माणूस हा घराला भार आहे, असे आपणही कोणाला वाटू देऊ नये. परंतु धर्मानंदांनी मृत्यूकडे भीतीने पाहिले नाही, हेही तितकेच खरे.

त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी हे थोर गणिती आणि प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचे लेखन इंग्रजीत आणून नव्या वाचकांपुढे ठेवले. १९२४ साली पुस्तकरूपाने आलेले धर्मानंदांचे निवेदन हे आत्मचरित्र तर मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते.

आपण काय घ्यावे

मॉरिशसमध्ये आपण अनेक धर्मांच्या शेजारात राहतो. एकाच रस्त्यावर शिवालय, तामिळ कोविल, मशीद आणि चर्च असते, आणि पोर्ट लुईत चिनी बांधवांचे पॅगोडेही आहेत. येथे शेजाऱ्याच्या धर्माविषयी गोड बोलणे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण गोड बोलणे आणि जाणून घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बुद्ध आमचाच नववा अवतार, असे आपण प्रेमाने म्हणतो. महाराष्ट्रातील आपल्या बौद्ध बंधूंना मात्र तसे म्हटलेले मान्य नाही. नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याचीही प्रतिज्ञा आहे. आपल्या विठोबावरील भक्तीला यामुळे बाध येत नाही. आपण एवढेच लक्षात ठेवावे की ज्याला आपण देव्हाऱ्यात बसविले, त्याने स्वतः काय सांगितले ते ऐकण्याचे काम अजून बाकी आहे.

म्हणून आमची एक विनंती आहे. गणेशोत्सवात आरती-भजने होतात, झाकरी होते, बैठकांतून मुले मराठी शिकतात. त्याच बैठकांत वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास एक संध्याकाळ भगवान बुद्ध या ग्रंथातील एखादे प्रकरण वाचण्यासाठी ठेवावी. शेजारी गीतेचा दुसरा अध्याय आणि तुकारामबुवांची गाथा असू द्यावी. जे जुळते ते मुलांना दाखवावे आणि जे जुळत नाही तेही झाकून ठेवू नये. वाचता वाचता एखादे मूल अडचणीचा प्रश्न विचारील. त्याला गप्प बसवू नका. सांकवाळच्या बागेत बसून मुलांचे मासिक वाचणाऱ्या एका तरुणाला असाच प्रश्न पडला होता.